दुपारी टेबल कामात असतं

ही गोष्ट खरी आहे.

या पानावर प्रत्येक जण असंच म्हणून सुरुवात करतो, ते मला माहीत आहे. मग पांढऱ्या कपड्यातली बाई येते, बंद पडलेली गाडी येते, घड्याळात बाराचे ठोके पडतात. इथल्या बहुतेक गोष्टी मी वाचल्या आहेत. एकीनेही माझी झोप उडवली नाही.

माझ्याकडे तुम्हाला द्यायला रात्र नाही.

जे झालं ते मार्चमधल्या एका शनिवारी, भर दुपारी झालं. ब्राइला या नदीकाठच्या बंदरगावी, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. खिडक्या उघड्या होत्या. खाली अंगणात कुणीतरी दांडीवर गालिचा टाकून बडवत होतं.

माझे बाबा जानेवारीत वारले. तिबेरिउ त्यांचं नाव.

त्यांनी गोदीच्या ऑफिसात प्रोग्रामर म्हणून आयुष्य काढलं. मी शाळेत असताना आईची नजर गेली. पूर्ण गेली. तेव्हा बाबांनी तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. कॉम्प्युटरवर जे असेल ते आमच्या भाषेत वाचून दाखवणारा. त्याचं नाव त्यांनी चिमणी ठेवलं. पुढे देशभरातले आंधळे लोक चिमणी वापरू लागले. बाबांनी कुणाकडून काही घेतलं नाही.

ते दुपारी जेवण झालं की कामाला बसत. स्क्रीन बंद करून.

"डोळ्यांनी बघितलं की मी लबाडी करतो," म्हणायचे. "तुझ्या आईला जे ऐकू येतं, तेवढंच मला मिळालं पाहिजे."

आणि आंधळी माणसं हा आवाज फार वेगात ऐकतात. तुमच्या-माझ्या कानाला ती नुसती चिवचिव वाटते. आमच्या घराची दुपार म्हणजे तेच होतं. कळांची टकटक... मग चिवचिव... मग पुन्हा टकटक.

मला त्यातला एक शब्द कधी कळला नाही. आईला सगळं कळायचं. स्वयंपाकघरातून ती उत्तरं द्यायची.

चिमणीचा सगळा कोड बाबांनी इंटरनेटवरच्या एका खात्यात ठेवला होता. अशा एकेका कोठीला रिपॉझिटरी म्हणतात. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल तिथे राहतो, आणि प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचं नाव.

म्हणूनच चेझारने ती पानं कधी उघडून कुणाला दाखवली नसावीत.

चेझार हा बाबांचा जुना विद्यार्थी. बुखारेस्टमध्ये त्याची एक संस्था आहे आणि तो तिचा अध्यक्ष आहे. टीव्हीवर त्याची ओळख 'चिमणीचे जनक' अशी करून देतात आणि तो मान खाली घालून हसतो. एकदा त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून स्टुडिओत चार पावलं टाकली होती. मग पट्टी काढून तो रडला. ते बघताना बाबांनी सूप संपवलं आणि म्हणाले, "चालतो बरा."

बाबांना अध्यक्ष व्हायचं नव्हतं. चेझारला काम करायचं नव्हतं. त्यामुळे दोघांचं बरीच वर्षं जमलं.

सहा आठवड्यांनी बाबांसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली. मी बुखारेस्टहून आले होते. पाद्रीबाबांना निरोप देऊन घरी पोचले, तर बाबांची खोली रिकामी.

"आत्या, टेबल कुठाय?"

वेतुरियाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती उकडलेल्या गोड गव्हांवर साखर पसरत होती.

"दिलं."

"कुणाला?"

"फनिकाला. नदीवरचा. नाताळात घर जळलं नाही का त्याचं? टेबल दिलं, खुर्ची दिली, ताट, पेला, चादर. सगळं रीतसर, मेणबत्ती लावून."

"आणि कॉम्प्युटर? फोन?"

"टेबलावरच होते की. तेही दिले. तिबेरिउ तिकडे काय नुसता पेला घेऊन बसेल?"

आमच्याकडे ही रीत आहे. मेलेल्याच्या नावाने जे द्याल ते त्याला तिकडे मिळतं. घेणारा 'बोग्दाप्रोस्ते' म्हणतो, म्हणजे देव त्याला क्षमा करो. तो शब्द तोंडातून निघाला की देणं पुरं झालं. मग ते परत मागायचं नसतं.

"देताना काय म्हणालीस?"

"जे म्हणतात तेच. हे टेबल, याच्यावर जे आहे ते आणि याच्यात जे आहे ते, सगळं तिबेरिउच्या पुढ्यात जावो."

मला हसू आलं. कॉम्प्युटर जुना होता. कोड इंटरनेटवर होता. टेबलात होतं काय? पेन्सिली.

जेवायला चेझार आला. भलंमोठं पुष्पचक्र घेऊन. फितीवर संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात होतं, बाबांचं त्याखाली, जागा उरली तेवढ्यात.

"हात चुंबतो, काकू," तो वाकला. आईने हात दिला, मग अ‍ॅप्रनला पुसला.

"ओतिलिया, तेवढा खात्याचा पासवर्ड देऊन ठेव. चिमणी आता माझ्या हाती सुरक्षित राहील."

"आत्तापर्यंत कुणाच्या हाती होती?"

"तसं नाही गं. एक मोठी कंपनी घेतेय ती. नवं नाव, नवा आवाज. सरांचं नाव आपण 'प्रेरणा' म्हणून घालू."

"आणि लोकांना फुकट मिळेल?"

"फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही."

आत्याने त्याच्या ताटात बघितलं. "साहेब, कोबीचे गोळे फुकटच आहेत. अजून दोन वाढू का?"

त्याने घेतले.

पुढच्याच आठवड्यात आईच्या कॉम्प्युटरने आपलं आपण काहीतरी नवं बसवून घेतलं. तो बंद होऊन चालू झाला, आणि चिमणी बोलेना.

आई कानाला हेडफोन लावून बसली होती. हात मांडीवर.

"ओती... ती काही म्हणत नाहीये गं."

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. आईची वर्तमानपत्रं, पुस्तकं, तिच्या मैत्रिणींची पत्रं, सगळं त्या आवाजातून येत होतं. नवरा गेला, आणि पाठोपाठ उरलेलं जगही गेलं.

माझी एक मैत्रीण प्रोग्रामर आहे. ती म्हणाली, "कोड दे मला. एका दुपारचं काम आहे."

बाबांचं खातं माझ्या कॉम्प्युटरवर उघडं होतं. त्यांनीच कधीतरी उघडून दिलेलं. मी पान बघितलं.

'तुमची अजून एकही रिपॉझिटरी नाही. पहिली तयार करा!'

शेजारी एक हसरं चित्र होतं.

मी पान पुन्हा पुन्हा उघडलं... काही नाही. पंधरा-वीस वर्षांचं काम, आणि एक हसरं चित्र.

पहिला संशय अर्थात चेझारवर. तसा संशय घ्यायला मला कष्ट पडत नाहीत. मी खातं चालवणाऱ्यांच्या मदत-खिडकीवर लिहिलं. उर्सुला नावाची बाई उत्तर द्यायला आली.

"हरवलेल्या रिपॉझिटरी परत मिळतील का?" मी विचारलं.

"डिलीट झाल्या असतील तर मिळतात. पण या डिलीट झालेल्या नाहीत. खातेदाराने त्या दुसऱ्या खात्याला सोपवल्या आहेत. स्वतःच्या फोनवर आलेला आकडी कोड टाकून."

"खातेदार वारला आहे."

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," ती म्हणाली. अशी वाक्यं त्यांच्याकडे तयार असतात. "समोरच्याने स्वीकारल्याशिवाय सोपवणं पुरं होत नाही. इथे समोरच्याने लगेच स्वीकारलेलं दिसतंय."

"कधी?"

तिने दिवस आणि वेळ सांगितली.

तो शनिवार. प्रार्थनेचा. मी चर्चच्या पायऱ्या उतरत होते, आणि आमच्या दारात फनिका हातात मेणबत्ती धरून 'बोग्दाप्रोस्ते' म्हणत होता. तीच वेळ.

"ते दुसरं खातं कुणाचं आहे?"

"ते सांगता येत नाही. चालू खातं आहे. आत्ताही तिथे काम सुरू आहे."

"आत्ता?"

"हो. आत्ता."

बाहेर ऊन होतं. दुपार होती.

रिपॉझिटरी परत मागवायच्या तर बाबांच्या फोनवर येणारा आकडी कोड लागणार होता. फोन फनिकाकडे. मी हे घरात सांगितलं आणि आत्या ताडकन उठली.

"वेडी झालीस? दिलेलं परत मागतात का? तिकडे त्याच्या हातातून ओढून घेशील?"

"आत्या, आई अशी बसलीय आणि तुला त्याचं—"

"मागू नकोस," आई म्हणाली. "मी बसेन अशीच."

तिच्या त्या बसण्याने माझा धीर सुटला. मी नदीकडे गेले.

फनिकाने जळक्या भिंतींवर पत्रे टाकून एक खोली उभी केली होती. मध्ये बाबांचं टेबल. त्यावर कॉम्प्युटर मिटलेला, वर स्वच्छ फडकं. बाजूला फोन. फनिका स्वतः चुलीपाशी, पालथ्या बादलीवर बसून मासळीचं सूप पीत होता.

"टेबलावर का जेवत नाहीस?"

"सकाळी जेवतो, ताई. दुपारी टेबल कामात असतं."

मी हसले. हसणं जरा मोठंच झालं.

"फोन वापरलास का कधी? कॉम्प्युटर?"

"कशावर वापरू?" त्याने छताकडे हात केला. तिथे नुसती जळकी वायर लोंबत होती. "वीज कुठाय अजून? आल्या दिवसापासून दोन्ही मेलेलेच आहेत." मग त्याने जीभ चावली. "माफ करा, ताई."

तेवढ्यात...

टक.

टक टक.

"उंदीर आहेत," मी म्हणाले.

"असतील," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि सूप पीत राहिला.

फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी तो मागितला नाही. घरी येऊन आत्याला तसं सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की आत्याला गुपित पचत नाही, आणि चेझार तिला रोज फोन करतो.

तर आता सुरुवातीला सांगितला तो मार्चमधला शनिवार.

चेझारने बेल वाजवली. हातात बाबांचा फोन.

"बघ," तो म्हणाला. "आठवडाभर तुम्ही बायका देव, पाप करत बसलात. मी गेलो, त्याला नवाकोरा फोन दिला, दारूची बाटली दिली, हा उचलला. अशी कामं होतात."

"त्याने दिला?"

"नाही म्हणत होता. मी टेबलावर बदली फोन ठेवला नि आलो. कोळी तो, त्याला काय कळतंय?"

त्याने आमच्याच सोफ्यावर बसून, आमच्याच विजेवर फोन लावला. स्वतःचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड मी सांगितला. आई तिच्या खुर्चीत होती.

मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. आईचा चेहरा तुम्ही बघितला नव्हता. मला चिमणीचा कोड हवा होता. चोराच्या हातून आला असता तरी हवा होता.

फोन जागा झाला. आकडी कोड आला. चेझारने तो टाकला.

एक रिपॉझिटरी आली.

मग दुसरी.

मग भराभर सगळ्या.

"झालं!" त्याने टाळी वाजवली. "काकू, चिमणी सापडली!"

खाली गालिचा बडवणं थांबलं.

आणि बाबांच्या रिकाम्या खोलीतून...

टकटक.

मग चिवचिव.

मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्या खोलीत एक खिळासुद्धा नव्हता. दार उघडं होतं. मला समोरची भिंत दिसत होती, तिच्यावर टेबलाची फिकट खूण दिसत होती. आवाज त्या खुणेपाशी होता.

आईने मान वळवली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा हलला.

चिवचिव मध्येच तुटली. शब्द अर्ध्यावर टाकून.

"अगं," आई म्हणाली, "त्याचं काम कुणी काढून घेतलं?"

मग चेझारचा लॅपटॉप बोलू लागला.

तोच आवाज. तोच वेग. चेझार दचकून मागे सरकला. "हे... हे माझ्या लॅपटॉपवर नाहीये. मी हे कधी बसवलंच नाही."

चिमणीच्या जनकाने चिमणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर कधी बसवलीच नव्हती. घाबरलेली असूनही ते मी मनात टिपून ठेवलं.

"काय म्हणतंय ते?" त्याने मला विचारलं. मी आईकडे बघितलं.

"नावं वाचतोय," आई शांतपणे म्हणाली. "पहिल्यापासून. कुठला बदल कुणी केला. तिबेरिउ. तिबेरिउ. तिबेरिउ. तिबेरिउ..."

ती मागे म्हणत राहिली. चर्चमध्ये पाद्रीबाबा मेलेल्यांची नावं वाचतात, अगदी त्या चालीवर. वर्षं जात होती. सगळीकडे एकच नाव.

"चेझार," आई म्हणाली.

तो सावरून बसला. "म्हणजे आहे ना माझं! काय केलं होतं मी?"

"माहितीच्या पानावर स्वतःचं नाव घातलंस." आई पुन्हा ऐकू लागली. "तिबेरिउ. तिबेरिउ..."

मग ती थांबली.

आवाज मात्र चालूच होता. त्याच चालीवर, न थांबता.

"आता काय?" चेझार म्हणाला. "काकू? आता काय म्हणतोय?"

"तुझं नाव."

"पुन्हा? कशासाठी?"

"बदल नाही सांगत. नुसतं नाव. चेझार, चेझार, चेझार..." आईने हेडफोन मांडीवर घट्ट धरले होते. "पोरा, हे असं कुणाचं वाचतात, तुला ठाऊक आहे."

त्याने लॅपटॉप मिटला. आवाज चालूच.

त्याने आवाजाचं बटण दाबलं, ते आधीपासून बंदच होतं. त्याने तो कोटाखाली घातला, सोफ्याच्या उशीखाली दाबला. उशीखालून चिवचिव येत राहिली.

माणूस पळताना इतका लहान दिसतो हे मी त्या दिवशी बघितलं. दोन्ही वस्तू छातीशी धरून तो जिना उतरला. आवाज खालच्या दारापर्यंत ऐकू आला.

पुढचं मला फनिकाने सांगितलं. साहेब धापा टाकत आले. फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तो शब्द काय आहे? मी म्हणू का?"

"मी म्हटलं, साहेब, तुम्ही नाही, घेणाऱ्याने म्हणायचा असतो. मग मी म्हटला. लगेच शांत झालं सगळं."

"आणि साहेब?"

"बाटली परत घेऊन गेले, ताई."

चेझार अजून अध्यक्ष आहे. अशा माणसांना भुतंही पदावरून काढू शकत नाहीत. कंपनीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. ऐकलंय, भाषणाला उभा राहिला की आधी माइक बंद करायला सांगतो. तेवढंच देशाचं भलं.

त्या संध्याकाळी मी खातं बघितलं. 'तुमची अजून एकही रिपॉझिटरी नाही.'

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू झाला. आणि चिमणी बोलू लागली.

नवी आवृत्ती आली होती. नुसती आमच्याकडे नाही, सगळीकडे. क्रायोव्हाच्या एका आंधळ्या शिक्षिकेने आईला फोन केला, "अहो, तिबेरिउंच्या जागी आता कोण बघतंय? काम अगदी त्यांच्यासारखंच आहे."

"चाललंय," आई म्हणाली.

माझ्या मैत्रिणीने नवी आवृत्ती तपासली. नीट केलेली आहे, म्हणाली. कुणी केली ते तिला सापडलं नाही. मी तिला फार शोधू दिलं नाही.

मला जे हवं होतं ते मिळालं. आईला तिचं जग परत मिळालं. गोष्ट इथे संपायला हवी होती.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, "वेतुरियाला सांग, बाजारातून एक खुर्ची आणायची आहे. पाठीला आधार असलेली."

"कशाला? आहेत की."

"इथे नको. फनिकाकडे द्यायची आहे. त्या टेबलापाशी एकच आहे ना?"

"कुणाच्या नावाने?"

"माझ्या." ती असं म्हणाली, जणू भाजी सांगत होती. "आपल्यात जिवंतपणीही देतात. काही वाईट नाही त्यात."

मी तिच्याशी भांडले. जे माहीत होतं ते सगळं बोलले. मी पुष्कळ वाचलं आहे, पुष्कळ बोलता येतं. तिने ऐकून घेतलं. मग मी नदीवर गेले.

"फनिका, आई खुर्ची पाठवेल. घेऊ नकोस. तुला दुसरं काय हवं ते मी देते. फक्त ती घेऊ नकोस."

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ताई, घेतली की. काल दोघी टॅक्सी करून आल्या होत्या." तो टेबलाकडे बघत नव्हता. "शब्दही म्हटला मी."

त्याच्या मागे टेबल होतं. दोन्ही बाजूंना खुर्च्या. नवी जरा तिरकी, माणूस उठून गेल्यावर राहते तशी.

मी आता बुखारेस्टला परतले आहे. आईची तब्येत चांगली आहे. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने उत्तम. आत्या तिच्याबरोबर राहते.

मी रोज दुपारी फोन करते. पूर्वी पहिल्या घंटीला उचलायची. आता घंटी वाजत राहते... वाजत राहते... मी उभी राहून ऐकते.

मग ती उचलते. मागे चिवचिव चालू असते.

"आई? मी बोलतेय."

"थांब गं जरा," ती म्हणते. "त्याचं होऊ दे."